मदरबोर्ड घेतेयस? मग बस जरा

अगं, आधी ती तिन्ही कोटेशनं बाजूला ठेव आणि घोटभर पाणी पी. प्रोसेसर, एसएसडी, कॅबिनेट, सगळं तू एकटीनं वाचून ठरवलंस आणि मदरबोर्डाच्या ओळीवर येऊन गाडी अडली, होय ना? साहजिक आहे. प्रोसेसरचे कोअर मोजता येतात, एसएसडीचे जीबी मोजता येतात. मदरबोर्डाला मोजायला काय, तर ए५२०, एच६१०, बी५५०, बी७६० असली नावं. त्यात एक दुकानदार म्हणतो हा घ्या, दुसरा म्हणतो तो नको, अगदीच बेसिक आहे. बेसिक म्हणजे काय वाईट असतं का गं? चाळीस-पंचेचाळीस हजारांत कॉम्प्युटर बसवायचाय, मॉनिटर जुनाच ठेवायचाय, त्यावर तुझा व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स आणि धाकट्याचे गेम दोन्ही चालले पाहिजेत. आपल्याला बेसिकच हवंय. कुठलं बेसिक, एवढंच बघायचं.

खरं सांगू का, मदरबोर्डामुळे कॉम्प्युटर फास्ट होत नाही. ६५ वॅटचा साधा प्रोसेसर सहा हजारांच्या बोर्डावर बसव नाहीतर बारा हजारांच्या, काम करताना तुला फरक जाणवणार नाही. बोर्ड म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. भाजी ओट्यामुळे चविष्ट होत नाही, पण शेगडी कुठली बसेल, मिक्सरचा प्लग कुठे आणि पुढे ओव्हन घेतलास तर जागा आहे का, हे तोच ठरवून टाकतो. आणि एकदा बसवला की कोण उकरत बसतंय! म्हणून बोर्डाची बोर्डाशी तुलना करत डोकं शिणवू नकोस. तुझ्या कामांची यादी लिही आणि एकेक बोर्ड तिला लावून बघ.

सुरुवात सॉकेटपासून कर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. तुझ्या बजेटात आज तीन सॉकेटं येतात. एएमडीचं जुनं एएम४, त्याला फक्त डीडीआर४ रॅम चालते. एएमडीचंच नवं एएम५, ते सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याला फक्त डीडीआर५. तिसरं इंटेलचं एलजीए१७००, बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचं. त्याचे काही बोर्ड डीडीआर४चे आणि काही डीडीआर५चे असतात, आणि नावावरून ते दरवेळी कळत नाही. एका प्रकारची रॅम दुसऱ्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. तेव्हा कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाचं स्पेसिफिकेशनचं पान उघडून रॅमची ओळ स्वतः वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. दुकानदार कितीही गोड बोलला तरी.

रॅमवर एवढा जोर का देतेय, तर भाव बघ की. २०२५ संपता संपता रॅम जी महागली ती महागलीच. एआयच्या डेटा सेंटरना इतकी मेमरी लागतेय की कारखान्यांनी आपला माल तिकडे वळवलाय. मायक्रॉननं तर त्या डिसेंबरात 'क्रुशल' हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. आता समज, तुला डीडीआर५चा एक बोर्ड दीड हजारांनी स्वस्त मिळाला आणि त्याच्यासाठी रॅम तीन हजारांनी महाग घ्यावी लागली, तर काय वाचवलंस? म्हणून कोटेशनमध्ये बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम या तिघांची बेरीज एकत्र कर आणि बेरजेशी बेरीज ताड. आणि हो, नात्यागोत्यात कुणाचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल तर त्यातली डीडीआर४ रॅम माग, लाजू नकोस. फक्त ती डेस्कटॉपची आहे का ते बघ. मी एकदा मोठ्या थाटात लॅपटॉपची रॅम मिळवून आणली होती. ती निम्म्या लांबीची असते हे घरी येऊन स्लॉटसमोर धरेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एएम५ घेऊ का, असं तू विचारणार. एएमडीनं ते सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवायचं सांगितलंय, त्यामुळे आज साधा प्रोसेसर आणि तीन वर्षांनी त्याच बोर्डावर तगडा, असं करता येईल. कागदावर छान दिसतं. पण मनापासून सांग, तीन वर्षांनी तू खरंच नुसता प्रोसेसर बदलशील का? बहुतेक जण बदलायची वेळ आली की सगळाच डबा बदलतात. 'फ्यूचर-प्रूफ' या शब्दापायी आज चार-पाच हजार जास्त मोजायचे आणि ते एसएसडीतून नाहीतर एसएमपीएसमधून कापायचे, हे मला अजिबात पटत नाही. हातात जास्तीचे पैसे असते तर ए६२० किंवा बी६५०चा बोर्ड घे म्हटलं असतं. सध्या तो विषय बंद.

आता नावं, म्हणजे बोर्डावरच्या चिपसेटची. ती वाटतात तेवढी भयंकर नाहीत. इंटेलमध्ये एच६१० म्हणजे सगळ्यात स्वस्त, बी म्हणजे मधला, झेड म्हणजे ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा. एएमडीत तेच ए, बी आणि एक्स. झेड आणि एक्सच्या ओळी सरळ खोडून टाक, आपलं तिथे काही काम नाही. आकड्यांनंतर 'एम' असेल तर बोर्ड छोट्या मायक्रो-एटीएक्स आकाराचा. तोच घ्यायचा, स्वस्त पडतो. त्यानंतरची 'के', 'ई', 'डीएस३एच' वगैरे शेपटं ज्या त्या कंपनीची स्वतःची.

इथे एक सापळा आहे, तो मात्र नीट लक्षात ठेव. एच६१० हा २०२२ चा चिपसेट. एच६१ हा २०११ चा. एका शून्याचा फरक आणि मध्ये अकरा वर्षं! अनोळखी ब्रँडचे कोरे करकरीत एच६१चे बोर्ड अजूनही बाजारात मिळतात, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या वापरलेल्या आय५ आणि डीडीआर३ रॅमसोबत 'कॉम्बो' म्हणून. 'आय५, १६ जीबी, एसएसडी' असं ऐकलं की आपण खूश. पण त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुझ्या तिसऱ्या कोटेशनमधला तो 'स्वस्त आय५' कुठल्या पिढीचा आहे, ते आत्ताच फोन करून विचार. पिढी सांगायला टाळाटाळ केली तर ते कोटेशन फाडून टाक.

उरल्या दोन जोड्या: रायझन ५ ५६००जी आणि ए५२०, किंवा आय५-१२४०० आणि डीडीआर४चा एच६१०. दोन्ही सहा कोअरचे, दोन्हींत ग्राफिक्स आतच, म्हणजे आज वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. दोन्ही बोर्ड साधारण पाच ते आठ हजारांत बसतात, भाव वरखाली होतात ते धरून.

धाकटा म्हणेल रायझन. त्याचं चूक नाही. ५६००जीमधलं ग्राफिक्स आय५-१२४००च्या ग्राफिक्सपेक्षा गेमला चांगलंच सरस आहे. पण तू दिवसभर व्हिडिओ कापणार. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची सोय असते, फोनवर किंवा कॅमेऱ्यावर काढलेले व्हिडिओ उलगडायला आणि शेवटी फाइल बनवायला ती मदत करते. ज्या सॉफ्टवेअरांना ती वापरता येते, त्यांत टाइमलाइन कमी अडखळते. कॉम्प्युटर प्रामुख्यानं कुणाचा आहे, हे घरात एकदा ठरवून टाक म्हणजे रोजची कटकट नको.

आणि बघ, पुढचाही विचार आहे यात. वर्ष-दीड वर्षानं पैसे जमले की ग्राफिक्स कार्ड घेऊ, असं तुम्ही दोघं म्हणताय. ५६००जी कार्डाशी पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या वेगानंच बोलतो, मग बोर्ड कुठलाही असो. म्हणजे त्याच्यासाठी बी५५० घेऊन ४.० चे जादा पैसे मोजणं वाया. दुकानदार 'मॅडम, बी५५० घ्या, जेन ४ आहे' म्हणाला तर गोड हसून ५६००जीबद्दल विचार, बघ कसा गडबडतो! एच६१० हा सगळ्यात स्वस्त असूनही त्याचा कार्डाचा मोठा स्लॉट आय५-१२४०० सोबत ४.० च्या वेगानं चालतो. महागड्या कार्डांना याचा फारसा फरक पडत नाही. स्वस्त कार्डांना पडतो, कारण त्यांत लेनच, म्हणजे डेटा जायच्या वाटाच, कमी असतात. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला तर सोळापैकी चारच आहेत, आणि ३.० वर ते कार्ड बऱ्याच गेममध्ये दम टाकतं. तुम्ही घेणार ते स्वस्तातलंच ना? मग माझा कौल आय५-१२४०० आणि एच६१०.

मग बी७६० का नको? नको असं नाही, गरज नाही. बी७६० वर बहुधा रॅमचे चार स्लॉट आणि एम.२ एसएसडीच्या दोन जागा मिळतात, एसएसडी ४.० च्या वेगानं पळते. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट, एम.२ बहुतेक वेळा एकच, आणि तीही ३.० ची, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण रोजच्या कामात तो फरक शोधावा लागतो. फुटेज साठवायला जागा संपली तर साधी हार्डडिस्क किंवा साटा एसएसडी लावता येते, त्यासाठी चार पोर्ट असतात. दोन स्लॉटचं मात्र आजच ठरव. आठ-आठच्या दोन रॅम घेतल्यास तर दोन्ही मिळून काम जलद होतं, पण पुढे ३२ करायचं तर दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. सोळाची एकच घेतलीस तर दुसरा स्लॉट मोकळा राहील, पण तोवर वेग थोडा कमी. मी तुझ्या जागी असते तर आठ-आठ घेतल्या असत्या. आणि ३६००च्या महागड्या रॅमच्या नादी लागू नकोस, एच६१० डीडीआर४ला ३२००च्या वर नेत नाही.

आता फोटो उघड. पुढून नाही गं, बोर्डाच्या मागच्या पोर्टांचा. सगळे जण ते चमचमते हीटसिंक बघत बसतात आणि आयुष्यभर वापरायचे असतात ते पोर्ट कुणी मोजत नाही. तुझा जुना मॉनिटर व्हीजीएचा आहे, तो निळा पंधरा पिनांचा प्लग. गंमत म्हणजे महाग बोर्डांवरून व्हीजीए गायब झालाय आणि एच६१०सारख्या स्वस्त बोर्डांवर तो अजून बऱ्याचदा सापडतो. एचडीएमआयही असेल, म्हणजे पुढे नवा मॉनिटर आला तरी चिंता नाही. मग यूएसबी मोज: कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, वायफायचा डोंगल, पेनड्राइव्ह, तुझं ड्रॉइंग पॅड. सहाच्या खाली नको. वायफायवाला बोर्ड हजार-दीड हजारांनी महाग असतो, त्यापेक्षा काही शेकड्यांचा डोंगल बरा. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ केबल ओढ.

आणि प्रोसेसरच्या नावामागचं 'एफ' बघ. आय५-१२४००एफ हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसेल, हात लावू नकोस. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. मग बोर्डाला एचडीएमआय असूनही स्क्रीन काळी ती काळीच, आणि लोक बिचारे बोर्ड खराब निघाला म्हणून दुकानात भांडायला जातात. एएम४च्या रायझनमध्ये उलटं, 'जी' असेल तर ग्राफिक्स. नुसत्या ५६०० मध्ये नाही.

तू अकोल्याची, म्हणून हे एक वेगळं सांगते. मे महिन्यात तुमच्याकडे पंचेचाळीस अंश, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. प्रोसेसरच्या डावीकडे काळे चौकोनी ठोकळे रांगेनं बसवलेले दिसतील, तो व्हीआरएम. एसएमपीएसकडून आलेली वीज प्रोसेसरला झेपेल अशी करून देणं हे त्याचं काम, आणि ते करताना तो तापतो. १२४०० साठी एच६१०चा साधा व्हीआरएम पुरतो. पण सारख्याच भावाचे दोन बोर्ड समोर आले, एकावर व्हीआरएमला अॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे आणि दुसऱ्यावर ठोकळे उघडे, तर डोळे मिटून हीटसिंकवाला उचल. दिवे लागणारा, वाघाचं नाहीतर ड्रॅगनचं चित्र असलेला बोर्ड दिसला म्हणून भुलू नकोस. कॅबिनेटचा पंखा लावायची जागा स्वस्त बोर्डांवर बहुधा एकच असते, तेव्हा पंख्याचं स्प्लिटर आत्ताच यादीत लिही. शंभर-दोनशेचं काम आहे.

बायोसचं ऐकून घाबरली होतीस ना? साधं आहे ते. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जे प्रोसेसर अस्तित्वात होते तेवढेच त्याला ओळखता येतात, पुढचे ओळखायला बायोस अपडेट करावं लागतं. १२४०० बाराव्या पिढीचा, एच६१०चा पहिल्यापासूनचा सोबती, त्यामुळे तुला हा प्रश्नच नाही. पण ऐन वेळी कुणी चौदाव्या पिढीचा प्रोसेसर गळ्यात मारला, तर तिथेच बसून बोर्डाचं बायोस अपडेट करून दे म्हणायचं. संकोच कसला, आपण पैसे मोजतोय.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून करायची की ऑनलाइन? मामा मुंबईला आहेत म्हणून त्यांना धावडवू नकोस. तीन-चारशे जास्त गेले तरी चालतील, बोर्ड आपल्या गावात घे, आणि ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेवून घासाघीस कर. बोर्डाची वॉरंटी बहुतेक ३ वर्षांची असते. बिघडला तर सर्व्हिस सेंटर कुठे, तिथवर कोण पोहोचवणार, हे आधी विचार. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर बोर्डाचा सीरियल नंबर. कच्च्या चिठ्ठीवर 'मदरबोर्ड १ नग' असलं चालायचं नाही.

आणि खोका दुकानातच उघड. एलजीए१७०० मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरवर नाही. केसाएवढ्या बारीक, सतराशे. त्यांवर काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं, ते दुकानदाराकडून उचलून घे, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाड आणि बघ. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत. मध्येच एखादी वेगळी चमकली तर ती वाकलीय, बोर्ड बदलून माग. घरी नेल्यावर वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत. सगळं ठीक असेल तर फोटो काढून ठेव. आणि ते झाकण फेकू नकोस, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लावूनच पाठवावं लागतं. माझं झाकण घर आवरण्याच्या झटक्यात गेलं होतं, तू डब्यात घालून नाव लिहून ठेव.

बसवताना घाई नको. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूनं आवळण्याआधी मागच्या पोर्टांची पत्र्याची पट्टी लाव, नाहीतर सगळं परत सोडवावं लागतं. सगळ्यात वैताग येतो तो पुढच्या बटणाच्या तारांचा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात नऊ इवल्याशा पिना, बाजूची अक्षरं मुंगीएवढी. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते बघून लाव. पॉवर आणि रीसेटच्या तारा उलट लागल्या तरी काही बिघडत नाही. एलईडीच्या उलट लागल्या तर दिवा पेटत नाही, इतकंच.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर रडायला बसू नकोस. आधी प्लगची वायर काढ. प्रोसेसरशेजारची विजेची वेगळी केबल लागली आहे का बघ, निम्मे लोक तीच विसरतात. रॅम काढून पुन्हा बसव आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाब. घाबरत घाबरत दाबलीस तर ती अर्धीच बसते. तरी नाही झालं तर एकच रॅम ठेवून बघ. त्यानंतरही काळीच असेल तर मला फोन कर, मी अकरापर्यंत जागी असते. आणि त्या धाकट्याला तोवर स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू देऊ नकोस.